बेस मॉडेलची मसल कार: व्ही८ नाही म्हणून कमी लेखायची का?

चौथा_गिअर (धागाकर्ता)

परवा मंडळाच्या गणपतीची आरती झाल्यावर पार्किंगमध्ये गप्पा चालल्या होत्या. माझी २०११ची फोर्ड मस्टँग बघून एका काकांनी कौतुकानं बॉनेटवर हात ठेवला आणि विचारलं, "व्ही८ ना?" म्हटलं, "नाही काका, व्ही६. बेस मॉडेल." (व्ही८ म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, व्ही६ म्हणजे सहा; बेस मॉडेल म्हणजे सगळ्यात स्वस्त.) त्यांनी हात काढून घेतला. "अरेरे. मग मस्टँग घेतलीस कशाला?"

काका मनानं चांगले आहेत आणि हा प्रश्न मी गाडी घेतल्यापासून ऐकतोय. उभ्या उभ्या नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हा धागा. मी डेट्रॉइटजवळ राहतो, गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात आहे, त्यामुळे विषय रोजच्या जवळचा आहे.

आधी २०१०पर्यंतची गोष्ट. तोवर बेस मस्टँगमध्ये ४.० लिटरचा जुना व्ही६ होता. लोखंडी ब्लॉक, मूळ घराणं जर्मनीतल्या कोलोनचं. रेंजर पिकअप आणि एक्सप्लोररमध्येही हेच इंजिन. २१० अश्वशक्ती. त्याच सुमारास टोयोटा कॅम्रीचा व्ही६ २६८ देत होता. म्हणजे मुलांना शाळेत सोडायची सेडान सिग्नलवरून मस्टँगच्या पुढे निघायची. ऑटो मासिकांनी त्या गाडीला झोडपलं ते योग्यच होतं.

मग २०११च्या मॉडेलला फोर्डनं ३.७ लिटरचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन बसवलं. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीकडचं टायमिंग चालता चालता बदलणारं. ३०५ अश्वशक्ती, २८० पाउंड-फूट टॉर्क (फिरवायचा जोर), जोडीला सहा गिअर. एका वर्षात ९५ अश्वशक्तीची उडी! किंमत वाहतूक खर्चासकट २२,९९५ डॉलर. ऑटोमॅटिकला हायवेवर ३१ मैल प्रति गॅलन, म्हणजे आपल्या हिशेबानं लिटरला तेरा किलोमीटर. ताकद ३००च्या वर आणि मायलेज ३०च्या वर, हे एकाच गाडीत देणारे आपण पहिले, असं फोर्डनं तेव्हा ठासून सांगितलं. टेनेसीतल्या ब्रिस्टलच्या रेस ट्रॅकवर एका टाकीत १,४५७ फेऱ्या मारून दाखवल्या. तो वेग अगदी संथ होता, रोजच्या रस्त्यावर तसं मायलेज मिळत नाही. पण मसल कारची कंपनी मायलेजसाठी ट्रॅकवर उतरते हेच मला नवं वाटलं.

आता काकांना जे सांगायचं राहिलं ते. २००५ ते २००९ची मस्टँग जीटी, म्हणजे खरीखुरी व्ही८, ३०० अश्वशक्तीची होती. २०११चं बेस मॉडेल तिच्याही पाच पुढे. टॉर्कमध्ये जुना व्ही८ वरचढ होता, ३२० पाउंड-फूट, आणि खालच्या आरपीएमला तो फरक पायाला कळतो. तरी शून्य ते साठ मैलांसाठी परीक्षकांच्या हाती साडेपाच सेकंदांच्या आसपासचे आकडे आले. जिला "दिसायला मस्टँग" म्हणत होते तिनं पाच वर्षं जुन्या जीटीला गाठलं.

उणिवा होत्या. मागे अजून अखंड अ‍ॅक्सल होता, एका चाकाला खड्डा लागला की दुसऱ्यालाही कळायचं. डॅशबोर्डचं प्लास्टिक हलकं. आणि साध्या बेस मॉडेलचा वेग इलेक्ट्रॉनिक्सनं ताशी १८० किलोमीटरच्या आसपास रोखलेला, कारण दोन तुकड्यांचा ड्राइव्हशाफ्ट. मी परफॉर्मन्स पॅकेजवाली घेतली: जीटीचं सस्पेन्शन, १९ इंची चाकं, ३.३१चं डिफरन्शियल. माझ्या मते तीच खरी घेण्यासारखी होती.

तर मंडळी, तुमचं काय मत? व्ही८ नसेल तर मसल कार नाहीच का?


पिस्टन_पाटील

धागा छान. पण काकांच्या बाजूनं बोलतो.

मसल कार या शब्दाचा अर्थच मुळी मधल्या आकाराच्या गाडीत मोठा व्ही८. १९६४ची पॉन्टियाक जीटीओ घ्या. टेम्पेस्टसारख्या साध्या गाडीत ३८९ घन इंचांचं, ३२५ अश्वशक्तीचं इंजिन. तिथून हा प्रकार रुळला. त्यात सहा सिलिंडरला जागा नाही. आणि मस्टँग, शेव्हरोलेची कॅमॅरो या तर मुळात पोनी कार, लहान आणि स्वस्त. आता सगळ्यांनाच मसल कार म्हणतात, ते असो.

माझा मुद्दा आवाजाचा आहे. मी २०१२ची ५.० लिटर जीटी चालवतो. सकाळी इंजिन सुरू केलं की पोटात जे हलतं ते कोणत्याही आकड्यात मावत नाही. तुमच्या व्ही६ला ३०५ असोत की ४०५, तो आवाज नाही. लोक मसल कार कागदावरचे आकडे बघून घेत नाहीत.


चौथा_गिअर

पाटील, आवाजाबद्दल वाद नाही. शेजारच्या गल्लीत एक ५.० आहे, ती निघाली की मी खिडकीत जातो.

पण पोनी कार म्हणालात ते माझ्याच बाजूचं आहे. १७ एप्रिल १९६४ला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात मस्टँग आली, तेव्हा जाहिरातीतली किंमत होती २,३६८ डॉलर. ती कुठल्या गाडीची? सहा सिलिंडरवालीची! १७० घन इंच, १०१ अश्वशक्ती. खाली फाल्कनचा सांगाडा, म्हणजे त्या काळची मध्यमवर्गीय घरगुती गाडी. पहिल्याच दिवशी २२,००० ऑर्डरी आल्या, पहिल्या वर्षात चार लाखांवर गाड्या गेल्या. लोक शोरूममध्ये शिरले ते त्या २,३६८च्या आकड्यामुळे. आत गेल्यावर कुणी व्ही८ घेतली, कुणी नाही.

१९६६ साली तर व्ही८ इंजिनं पुरेनात, तेव्हा फोर्डनं सहा सिलिंडरवाल्या गाडीचीच जोरात जाहिरात केली, स्प्रिंट २०० नावाची सजवलेली आवृत्ती काढली. १९६७ची कॅमॅरो? बेसला २३० घन इंचांचा स्ट्रेट सिक्स, १४० अश्वशक्ती. १९७०ची डॉज चॅलेंजर? २२५चा स्लँट सिक्स, १४५. पोस्टरवर कायम व्ही८, पण या तिन्ही गाड्यांच्या घराचं जोतं सहा सिलिंडरांचं. बेस मॉडेलनं कारखाना चालता ठेवला म्हणून जीटी, एसएस आणि हेमी या व्ही८ आवृत्त्या परवडल्या.

(तेव्हाचे आकडे आजच्या आकड्यांशी थेट ताडू नका. १९७१-७२पर्यंत इंजिन उघडं, पंखा-सायलेन्सर न जोडता मोजायचे. त्यामुळे १०१ म्हणजे आजच्या मापानं बरेच कमी.)


रानजाई

इतके दिवस वाचनमात्र होते, आज राहवलं नाही.

तुम्ही दोघांनी एक शब्द टाळलात तो मी लिहिते: "सेक्रेटरीची गाडी". अमेरिकेत सहा सिलिंडरच्या मस्टँगला कित्येक वर्षं हेच म्हणत आले. त्या गाडीची कुचेष्टा करायची तर ती बाईची गाडी म्हणायची. मला याचा मनापासून राग आहे. १९६५ साली स्वतःच्या पगारातून नवी कोरी गाडी घेणारी, टाइपरायटरवर काम करणारी मुलगी, तिनं परवडेल ते इंजिन निवडलं यात हसण्यासारखं काय होतं? तिच्यासारख्या लाखोंनी ती गाडी घेतली म्हणून ती टिकली.

मी सॅन होजेजवळ राहते. माझी पहिली ओळख भाड्याच्या मस्टँगशी, छत उघडणारी, व्ही६. आई-बाबा साताऱ्याहून आले होते. मॉन्टेरेहून बिग सरपर्यंत हायवे वनवर छत उघडून गेलो. बिक्सबी पुलाशी थांबलो तेव्हा बाबा म्हणाले, "कास पठारावर जाताना अशी गाडी हवी होती." त्या दिवशी कुणालाही बॉनेटखाली किती सिलिंडर आहेत याची आठवण झाली नाही. इकडे येणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांचा पहिला "मस्टँगमध्ये बसलेला" फोटो अशाच भाड्याच्या व्ही६मधला असेल.

नंतर मी २०१२ची कॅमॅरो घेतली, ३.६ लिटर व्ही६, ३२३ अश्वशक्ती. सहा वर्षं रोज ऑफिसला नेली. चौथा_गिअर, तुमच्या धाग्यात एक मोठी गोष्ट राहिली: मस्टँगची ती ९५ची उडी कुणामुळे? २०१०ची कॅमॅरो परत आली तीच ३०४ अश्वशक्तीचा व्ही६ घेऊन, किंमत तुमच्या मस्टँगइतकीच, आणि मागे स्वतंत्र सस्पेन्शन. त्या वर्षी समोर २१०ची मस्टँग होती. विक्रीतही कॅमॅरोनं मस्टँगला मागे टाकलं. फोर्डला जागं केलं ते कॅमॅरोच्या बेस मॉडेलनं.

तिचे दोषही सांगते. खिडक्या म्हणजे किल्ल्याच्या जंग्या. लेन बदलताना खांद्यावरून बघितलं तर जाड खांब दिसायचा. वजन १,७०० किलोंच्या घरात. ब्रेक दाबला की ते वजन पुढे येताना जाणवायचं. पण वळणावर मागचं चाक ज्या शांतपणे रस्ता धरायचं, ते मैत्रिणीच्या २०११च्या मस्टँगमध्ये मला कधी मिळालं नाही.


चौथा_गिअर

रानजाई, पूर्ण मान्य. कॅमॅरो नसती तर ३.७ इतक्या लवकर आलंच नसतं. मूळ धाग्यात हे यायला हवं होतं.


टर्बोतात्या

समीक्षकांचा पूर्वग्रह कुठून आला ते सांगतो. वय झालंय, यातलं बरंच डोळ्यांनी बघितलंय. मी १९८१ साली शिकायला इकडे आलो.

१९७३ला तेलाचं संकट आलं. १९७४ला मस्टँग टू आली, फोर्डच्या छोट्या पिंटोच्या नात्यातली, बेसला २.३ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, ८८ अश्वशक्ती. त्या वर्षी तिला व्ही८ मिळतच नव्हता. आज सगळे तिला नावं ठेवतात, पण पहिल्या वर्षी पावणेचार लाखांवर गाड्या खपल्या. पेट्रोलसाठी रांगा लागल्या होत्या तेव्हा लोकांना तीच हवी होती.

कळस झाला १९८२ला. नवी कॅमॅरो आली, काय देखणी गाडी! आमच्या वसतिगृहातल्या एका मुलानं बेस मॉडेल घेतलं. आत "आयर्न ड्यूक" म्हणून २.५ लिटरचं चार सिलिंडर, ९० अश्वशक्ती. साठ मैलांवर पोचायला वीस सेकंद. हायवेच्या रॅम्पवर तो एसी बंद करायचा. त्या पिढीच्या पत्रकारांच्या मनात "बेस मसल कार" म्हटलं की हेच बसलं, आणि २०११ची गाडी हातात आली तेव्हा त्यांना खरोखर धक्का बसला. अपेक्षा ९० आणि २१०च्या आठवणींवर बांधलेली होती.

एक अपवाद मात्र आवर्जून सांगायचा. १९८४ची मस्टँग एसव्हीओ, तेच २.३ लिटर पण टर्बो लावून १७५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. किंमत व्ही८ जीटीपेक्षा बरीच जास्त, त्यामुळे फार खपली नाही. काळाच्या वीस-तीस वर्षं आधी आलेली गाडी. तीस वर्षांनी इकोबूस्ट (टर्बोवाली चार सिलिंडरची मस्टँग) आली तेव्हा मला पहिली आठवण तिचीच झाली.


ह्यूस्टनचा_हिंजवडीकर

घरातल्या घरात तुलना चाललीय, बाहेरचे प्रतिस्पर्धी कुठे आहेत? मी २०१०ची ह्युंदाई जेनेसिस कूपे २.० टर्बो चालवलीय पाच वर्षं. २१० अश्वशक्ती, मागची चाकं फिरणारी, सुमारे २२,००० डॉलर. वर ३.८ व्ही६, ३०६ अश्वशक्ती, २५,०००च्या आसपास. म्हणजे बेस मस्टँग बेस जेनेसिसच्या किमतीत वरच्या जेनेसिसची ताकद देत होती.

निसान ३७०झेड ३३२ अश्वशक्तीची, पण तीस हजारांना आणि मागे सीटच नाही. बीएमडब्ल्यू ३२८आय कूपे २३० अश्वशक्तीची आणि किंमत मस्टँगच्या दीडपटीहून वर. आतली बनावट आणि स्टीअरिंग यात बीएमडब्ल्यू कितीतरी पुढे, हे मान्य करूनच सांगतो.

मला रस टोयोटा आणि सुबारूच्या जुळ्या गाडीत आहे, २०१३ची ८६. फक्त २०० अश्वशक्ती, पण १,२५० किलो. टनाला १६० पडतात. बेस मस्टँग १,५६५ किलोची, टनाला १९५. चॅलेंजरचा व्ही६ही ३०५चाच, पण गाडी १,७०० किलोंच्या पुढे, टनाला १७५च्या आसपास. सरळ रस्त्यावर मस्टँग जिंकते. घाटात मी डोळे मिटून ८६ घेईन. तिच्यात बसल्यावर हात, पाय आणि रस्ता यांच्यामध्ये काही उरत नाही.


पिस्टन_पाटील

चॅलेंजरचं नाव निघालं म्हणून. २००९च्या बेस चॅलेंजरला ३.५ लिटर व्ही६, २५० अश्वशक्ती आणि चार गिअरचा ऑटोमॅटिक होता. तो मी चालवलाय आणि त्याबद्दल चांगलं बोलणार नाही. पण २०१५ला आठ गिअर आल्यावर तीच गाडी बदलली. २०१७ला जीटी नावानं व्ही६ला चारही चाकांना ताकद दिली, अमेरिकन दोनदारी मसल कारमध्ये असं पहिल्यांदाच झालं. मोठी डिकी, मागे खरंच बसता येईल अशी सीट. माझे मेहुणे बफेलोच्या बर्फात तीच वापरतात. २०२१ साली अमेरिकेत मस्टँगपेक्षा चॅलेंजर जास्त विकल्या गेल्या, त्यात बेस मॉडेलचा वाटा होता हे मी, व्ही८वाला, मान्य करतो.


कोथरूड_डेपो

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: इथे बेस मॉडेल कधी आलंच नाही. २०१६ साली उजव्या हाताच्या स्टीअरिंगची मस्टँग अधिकृतपणे आली ती फक्त ५.० व्ही८ जीटी, दिल्लीत एक्स-शोरूम ६५ लाख. पूर्ण बांधून आलेली गाडी म्हणून आयात शुल्कानंच किंमत दुपटीवर जायची. अमेरिकेत जी गाडी मुळात पहिल्या पगाराच्या माणसासाठी काढली, ती इथे बंगलेवाल्यांची झाली. म्हणून "मस्टँग म्हणजे व्ही८" हे इथल्या माणसाच्या डोक्यात पक्कं बसलंय. काकांना दोष देऊ नका.

आमच्या पिढीला मसल कारचा भास फक्त कॉन्टेसानं दिला. १९८४ची, मूळची व्हॉक्सहॉलची. बेसला अँबॅसेडरच्या घराण्याचं दीड लिटरचं इंजिन, ५० अश्वशक्ती, आणि पुढे इसुझूचं १.८ लिटर, ८८ अश्वशक्ती. माझ्या मामांकडे नाशिकला पांढरी १.८ होती. कसारा उतरताना पुढच्या सीटवर बसून तो लांबलचक बॉनेट बघायचा, यासाठी मी मे महिन्याची वाट बघायचो.


चौथा_गिअर

कोथरूड_डेपो, हा प्रतिसाद काकांना वाचून दाखवणार आहे.

आता चार सिलिंडरबद्दल. २०१५ला मस्टँगला अखेर मागे स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं आणि २.३ लिटर इकोबूस्ट टर्बो आला, ३१० अश्वशक्ती, ३२० पाउंड-फूट. व्ही६ त्याच्या खाली ३००वर ठेवला आणि २०१८ला बंद केला. २०१६च्या कॅमॅरोनंही बेसला २.० टर्बो घेतला, २७५ अश्वशक्ती, सांगाडा कॅडिलॅक एटीएसच्या कुटुंबातला. पुन्हा तीच ओरड झाली: चार सिलिंडर? पुन्हा परीक्षक ट्रॅकवर गेले आणि नाकावर वजन कमी असल्यानं गाडी वळणात किती हलकी वाटते हे लिहून परत आले.

माझं मत थोडं वेगळं आहे. इकोबूस्ट मी बऱ्याचदा चालवली. मधल्या आरपीएमला ती माझ्या ३.७ला सहज मागे टाकते. पण आवाज स्पीकरमधून भरून काढावा लागतो आणि ते मला खटकतं. ३.७ साडेसहा हजारांपर्यंत ताणली की जो कोरडा, चढा आवाज येतो तो व्ही८चा नाही, पण तिचा स्वतःचा आहे. ते इंजिन बंद झाल्याचं मला वाईट वाटतं. २०२४च्या इकोबूस्टला तर हातानं बदलायचे गिअरच ठेवले नाहीत, ते आता फक्त व्ही८ला. हा निर्णय मला चुकीचा वाटतो. हातगिअर शिकायची संधी स्वस्त गाडीत असायला हवी.

आणि कॅमॅरो, चॅलेंजर दोन्ही डिसेंबर २०२३ला थांबल्या. तिघींमधली एकच उरली.


नवशिका_अ‍ॅन_आर्बर

सर्वांना नमस्कार. इथे मास्टर्स संपवून नुकताच नोकरीला लागलोय. बजेट मोजकं आहे. २०१३ची व्ही६ मस्टँग, हातगिअर, टोलेडोजवळ एकाकडे आहे. दुसरी २०१६ची इकोबूस्ट, थोडी महाग. कोणती घेऊ? आणि बर्फाचं काय?


टर्बोतात्या

बाळा, आधी विम्याचा आकडा दोन्ही गाड्यांसाठी काढ, मग गाडी बघ. तुझ्या वयाला तो हप्ता गाडीच्या हप्त्याइतका येऊ शकतो. बर्फासाठी चार हिवाळी टायर वेगळ्या रिमवर घे, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला त्यात तडजोड नको.


चौथा_गिअर

दोन्ही चांगल्या. बजेट मोजकं असेल तर मी २०१३ म्हणेन. टर्बो नाही, त्यामुळे बिघडायला एक मोठी गोष्ट कमी. या घराण्याच्या इंजिनाबद्दल नेटवर पाण्याच्या पंपाच्या भीतिदायक गोष्टी वाचशील. त्या आडव्या बसवलेल्या इंजिनांच्या आहेत, तिथे पंप टायमिंग चेनच्या मागे आत असतो. मस्टँगमध्ये इंजिन गाडीच्या लांबीत आणि पंप बाहेर, बेल्टवर. बदलायला सोपा.

बघताना हे कर: गाडी आधी भाड्यानं फिरलीय का ते इतिहासाच्या अहवालात बघ. मागच्या टायरची आतली कड हातानं चाचप. इंजिन थंड असताना दुसरा गिअर टाकून बघ, अडतोय का. आणि खालून गंज. मिशिगन-ओहायोचं मीठ कुणाला सोडत नाही.


नवशिका_अ‍ॅन_आर्बर

खूप आभार दादा, तात्या. शनिवारी जायचं ठरवलंय. पण हातगिअर मी फक्त बाबांच्या वॅगन-आरवर शिकलोय, आणि गाडीखाली काय बघायचं ते कळत नाही.


चौथा_गिअर

वॅगन-आरवर शिकलास म्हणजे शिकलास, क्लच थोडा जड लागेल इतकंच. टोलेडो माझ्यापासून तासाभरावर आहे, मी येतो. शनिवारी सकाळी साडेआठला निघू, आणि गाडी विकणाऱ्याला सांगून ठेव की इंजिन आधी सुरू करून ठेवू नकोस. येताना टॉर्च आण आणि जुने कपडे घाल.


रानजाई

फोटो टाका रे इथे. रंग कोणता आहे?


नवशिका_अ‍ॅन_आर्बर

लाल, ताई.